कान्हेरीची लेणी आणि संत जोसाफात

सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात दियोगो दो कोउतो नावाचा एक पोर्तुगीज इतिहासकार साष्टी बेटातील कान्हेरीची लेणी पाहावयास गेला. वसईवर त्या वेळी पोर्तुगिजांचा अंमल होता आणि साष्टी बेट वसईच्या मुलखात मोडत असे. कोउतो हा पुढे गोव्याच्या सरकारी दप्तरखान्याचा प्रमुख झाला. पोर्तुगिजांच्या आशियातील पराक्रमांचा विस्तृत इतिहास त्याने लिहिला आणि १६१६ मध्ये गोव्यातच देह ठेवला. अखंड कातळात कोरलेली ती दालनांमागून दालने पाहून त्याला मोठा अचंबा वाटला. हे काम कोणी केले असावे, असे त्याने त्या भागातील एका अतिवृद्ध गृहस्थाला विचारले. वृद्धाने निःशंकपणे उत्तर दिले, की ही लेणी संत जोसाफात याच्या पित्याने कोरविली. आपल्या मुलाला जगापासून दूर, एकांतात वाढविता यावे, एवढ्यासाठी.

कान्हेरीची लेणी बौद्ध भिक्षूंची आहेत, हे आज शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते. तेव्हा त्या वृद्धाचे उत्तर प्रथमदर्शनी हास्यास्पद वाटेल. परंतु त्या उत्तरात सत्याचा एक धागा होता. तो धागा सापडण्यास पुढे अडीचशे वर्षे लागली. आणि सापडला तेव्हा असे दिसून आले, की कान्हेरीच्या गुंफांत ज्यांची पूजा होत असे, त्या शाक्यमुनींचेच चरित्र नाव आणि वेष पालटून युरोपातील ख्रिस्ती मंदिरांत शतकानुशतके वाचले जात होते.

हा जोसाफात कोण? मध्ययुगीन युरोपातील एका अत्यंत लोकप्रिय संतकथेचा तो नायक होय. कथा अशी : हिंदुस्थानात अबेन्नेर नावाचा एक बलाढ्य राजा होता. तो ख्रिस्ती धर्माचा वैरी असून त्याने आपल्या राज्यातील संन्याशांचा छळ मांडला होता. त्याला दीर्घ काळ संतती नव्हती. अखेरीस पुत्र झाला. त्याचे नाव जोसाफात. राजाने ज्योतिषी बोलाविले. सर्वांनी मुलाला ऐश्वर्य आणि कीर्ती लाभेल असे सांगितले, परंतु त्यांच्यातील सर्वांत ज्ञानी ज्योतिषी म्हणाला, “हा राजा होईल खरा, पण त्याचे राज्य या जगातील नसेल. ज्या धर्माचा तू द्वेष करतोस, तोच धर्म हा स्वीकारील.” राजा भयभीत झाला. त्याने एक सुंदर प्रासाद बांधविला, मुलाला तेथे ठेवले आणि तरुण, देखण्या सेवकांनाच त्याच्याभोवती वावरू दिले. रोग, वार्धक्य, दारिद्र्य, मृत्यू यांचा शब्दही राजपुत्राच्या कानी पडू नये, अशी सक्त ताकीद होती.

पुढे राजपुत्र मोठा झाला आणि बाहेरचे जग पाहण्याचा त्याने हट्ट धरला. राजाने मार्ग स्वच्छ व शृंगारलेले ठेवण्याची आज्ञा देऊन अनुमती दिली. तरीही एके दिवशी एक व्याधिग्रस्त आणि एक आंधळा अशी दोन माणसे त्याच्या दृष्टीस पडली. पुन्हा एकदा एक जर्जर म्हातारा दिसला. त्याची त्वचा सुरकुतलेली होती, दात गळालेले होते आणि वाणी अडखळत होती. “सर्वांचीच अशी गती होते काय? आणि यापुढे काय?” असे राजपुत्राने विचारले. सेवकांना मृत्यूचे नाव घ्यावेच लागले. त्या क्षणापासून राजपुत्राचे मन त्या प्रासादात रमेना.

याच सुमारास बार्लाम नावाचा एक वृद्ध अरण्यवासी व्यापाऱ्याच्या वेषाने राजवाड्यात आला. आपल्याजवळ एक अमोल रत्न असून ते निर्मळ दृष्टीच्या माणसासच दाखविता येते, असे सांगून त्याने राजपुत्राची भेट मिळविली. ते रत्न म्हणजे धर्म. एकामागून एक दृष्टान्त सांगून त्याने राजपुत्राला उपदेश केला आणि बाप्तिस्मा दिला. राजाला हे कळताच त्याने नाना उपाय योजिले. वादसभा भरविली, मांत्रिक बोलाविला, सुंदर स्त्रियांकरवी मोह घालून पाहिला. पण राजपुत्र ढळला नाही. अर्धे राज्य देऊन पाहिले, तर त्याने ते इतके उत्तम चालविले, की अखेर पिताच पुत्राचा अनुयायी झाला. पित्याच्या निधनानंतर जोसाफाताने राज्याचा त्याग केला, अरण्य गाठले, दोन वर्षे भटकून आपल्या गुरूला शोधून काढले आणि उर्वरित आयुष्य तपश्चर्येत घालविले.

मराठी वाचकाला या कथेची ओळख पटण्यास विलंब लागणार नाही. ज्योतिष्यांचे भाकीत, भयभीत पिता, सुखाचा पिंजरा, नगरातील फेरी, रोगी, वृद्ध, मृत्यूचे ज्ञान, आणि शेवटी अंतःकरणाला शांती देणारा संन्यासी! कपिलवस्तूच्या सिद्धार्थाची कथा ती हीच. परंतु मध्ययुगातील युरोपीय वाचकाने सिद्धार्थाचे नाव ऐकलेले नव्हते. त्याच्या दृष्टीने जोसाफात हा खराखुरा ख्रिस्ती संत होता. तेराव्या शतकात याकोबुस द वोराजिने या डोमिनिकन धर्मगुरूने संतकथांचा जो प्रसिद्ध संग्रह सिद्ध केला आणि जो ‘सुवर्णकथा’ या अर्थाच्या नावाने सर्वत्र गाजला, त्यात बार्लाम व जोसाफात यांना स्थान मिळाले. फ्रेंच, जर्मन, इटालियन, स्पॅनिश, इंग्रजी, इतकेच नव्हे तर दूर उत्तरेकडील नॉर्वेच्या भाषेतही ही कथा गेली. सोळाव्या शतकाच्या अखेरीस रोमन धर्मपीठाची जी अधिकृत संत-पंजिका तयार झाली, तीत २७ नोव्हेंबर या तिथीला पर्शियाच्या सीमेलगतच्या हिंदुस्थानातील संत म्हणून या दोघांची नोंद झाली. ग्रीक ख्रिस्ती परंपरेत जोसाफाताचा दिवस २६ ऑगस्ट हा पाळला जात असे. १५७१ मध्ये व्हेनिसच्या राज्यप्रमुखाने पोर्तुगालचा राजा सेबास्तियन याला संत जोसाफाताची अस्थी म्हणून एक अवशेष भेट दिला. तो पुढे अँटवर्प नगरीत पोहोचला. जो मनुष्य त्या नावाने कधी जन्मलाच नाही, त्याची अस्थीही अशा रीतीने भाविकांना लाभली.

ही कथा युरोपात एवढी का रुजली, हे समजण्यासाठी ख्रिस्ती संतचरित्रांच्या परंपरेकडे थोडे वळले पाहिजे. पहिल्या तीन शतकांतील ख्रिस्ती संत हे मुख्यतः हुतात्मे होते. रोमन सत्तेपुढे श्रद्धा न सोडता ज्यांनी मरण पत्करले, त्यांच्या स्मृती त्या त्या ठिकाणच्या मंडळींनी जपल्या. स्मर्ना येथील वृद्ध धर्माध्यक्ष पॉलिकार्प याच्या दहनाची हकीकत, किंवा २०३ मध्ये कार्थेज येथे मारल्या गेलेल्या पर्पेतुआ या तरुण मातेने तुरुंगात लिहिलेला वृत्तान्त ही त्या काळची मोलाची साधने आहेत. ३१३ मध्ये कॉन्स्टंटाईनच्या काळात छळ थांबला. त्यानंतर हुतात्म्याची जागा अरण्यवासी तपस्व्याने घेतली. ईजिप्तच्या वाळवंटात राहिलेला अंतोनी ३५६ मध्ये निवर्तला आणि अथनासियस या धर्माध्यक्षाने लवकरच त्याचे चरित्र लिहिले. त्या चरित्राने सर्वसंगपरित्याग हाच संतत्वाचा आदर्श ठरविला. ज्या समाजाने हा आदर्श मनोमन स्वीकारला होता, त्याला राज्य सोडून अरण्यात जाणारा राजपुत्र परका वाटणे शक्यच नव्हते. साचा तयारच होता. त्यात ही मूर्ती सहज बसली.

शिवाय संतचरित्र हे त्या काळी इतिहास म्हणून वाचले जात नसे. ‘लेजंड’ हा शब्द आज दंतकथा या अर्थी वापरला जातो. परंतु त्याचे मूळ असलेल्या लॅटिन शब्दाचा अर्थ केवळ ‘वाचावयाचे’ एवढाच आहे. संताच्या स्मृतिदिनी मठात किंवा मंदिरात जे चरित्र मोठ्याने वाचावयाचे, ते त्याचे ‘लेजंड’. ऐकणाऱ्याच्या मनात भक्ती आणि आचरणाची इच्छा उत्पन्न व्हावी, हा त्याचा हेतू. सन-सनावळीची चौकशी तेथे कोणी करीत नसे.

आता पुन्हा कोउतोकडे यावयास हवे. हा मनुष्य चिकित्सक होता. सिंहलद्वीपातील बौद्धांकडून कळलेले बुद्धाचे चरित्र त्याने नोंदले होते आणि जोसाफाताच्या कथेशी त्याचे साम्य त्याच्या ध्यानात आले होते. १६१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या इतिहासखंडात कान्हेरीची हकीकत सांगताना त्याने स्पष्ट सुचविले, की ज्याच्याविषयी हे लोक एवढे चमत्कार सांगतात, तो बुद्ध म्हणजे हा जोसाफातच असावा. दोन्ही कथा एकाच पुरुषाच्या आहेत, हे त्याने बरोबर ओळखले. परंतु त्यांतील मूळ कोणती आणि प्रतिमा कोणती, हा प्रश्न त्याच्यापुढे उभाच राहिला नाही. जोसाफात खरा, हे त्याच्या दृष्टीने आधीच ठरलेले होते. सर्व पुरावा हाती असूनही केवळ एक गोष्ट गृहीत धरल्यामुळे विद्वानाची दृष्टी कशी अडते, याचे याहून बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

हा उलगडा झाला एकोणिसाव्या शतकात. तोपर्यंत युरोपीय पंडितांच्या हाती बौद्ध ग्रंथ येऊ लागले होते. १८५९ मध्ये एदुआर लाबुले या फ्रेंच विद्वानाने आणि १८६० मध्ये फेलिक्स लीब्रेख्त या जर्मन पंडिताने ‘ललितविस्तर’ आदी बुद्धचरित्रांतील प्रसंग जोसाफाताच्या कथेशी ताडून पाहिले आणि जोसाफात म्हणजेच बुद्ध, असे सिद्ध केले. पुढे माक्स म्युल्लर याने आपल्या व्याख्यानातून ही गोष्ट सर्वतोमुखी केली.

मूळ कथा हिंदुस्थानातलीच, हे कशावरून? एक तर काळ. सांचीच्या स्तूपाच्या तोरणावर सिद्धार्थाच्या महाभिनिष्क्रमणाचे शिल्प आहे, ते ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकातील आहे. म्हणजे ख्रिस्ती धर्माचा उदय होण्यापूर्वीच ही कथा दगडात कोरली गेली होती. अश्वघोषाचे ‘बुद्धचरित’ हे काव्यही ख्रिस्ती कथेहून कित्येक शतकांनी जुने आहे. दुसरा पुरावा नावाचा. ‘बोधिसत्त्व’ हे पद मध्य आशियातून अरबीत गेले, तेव्हा त्याचे ‘बूदासफ’ झाले. अरबी लिपीत शब्दारंभीचा ‘ब’ आणि ‘य’ यांत केवळ नुक्त्यांचा भेद असतो. ‘ब’खाली एक, ‘य’खाली दोन. एखाद्या लेखनिकाच्या हातून एक नुक्ता अधिक पडला आणि ‘बूदासफ’चा ‘यूदासफ’ झाला. जॉर्जियन भाषेत त्याचे ‘योदासफ’, ग्रीकमध्ये ‘योआसाफ’ आणि लॅटिनमध्ये, बायबलातील एका राजाच्या परिचित नावाच्या ओढीने, ‘जोसाफात’ असे रूप झाले. बोधिसत्त्व हे व्यक्तीचे नाव नव्हे, ती पदवी आहे. ज्याला बोध व्हावयाचा आहे, तो बोधिसत्त्व. ही पदवीच नुक्त्यांच्या फरकाने एका ख्रिस्ती संताचे नाव होऊन बसली.

या रूपांतरांवरून कथेचा मार्गही स्पष्ट दिसतो. हिंदुस्थानातून ती बौद्ध भिक्षूंच्या व व्यापाऱ्यांच्या तांड्यांबरोबर मध्य आशियात गेली. तेथे मानी या पर्शियन धर्मसंस्थापकाच्या अनुयायांनी ती स्वीकारल्याच्या खुणा तुर्फान येथे सापडलेल्या हस्तलिखितांच्या तुकड्यांत आहेत. आठव्या-नवव्या शतकांच्या सुमारास ती अरबी भाषेत ‘बिलौहर व बूदासफ’ या नावाने अवतरली. दहाव्या शतकात इब्न अल्-नदीम याने बगदादेत ग्रंथांची जी प्रचंड सूची तयार केली, तीत तिचा उल्लेख आहे. हीच अरबी कथा पुढे १८८८-८९ च्या सुमारास मुंबईत शिळाछापावर छापली गेली, हा एक लक्षणीय योगायोग होय. कारण ज्या डोंगरातील लेण्यांना जोसाफाताचा प्रासाद म्हटले गेले, तो डोंगर तेथून थोड्याच अंतरावर आहे.

अरबीतून कथा कॉकेशस पर्वताच्या दक्षिणेकडील जॉर्जियात गेली आणि तेथील मठवासीयांनी तिला प्रथम ख्रिस्ती रूप दिले. ‘बालवरियानी’ हे त्या ग्रंथाचे नाव. ग्रीसमधील आथोस पर्वतावर जॉर्जियन साधूंचा एक मठ होता. तेथील एवथिमियस नावाच्या साधूने या कथेला विस्तृत ग्रीक रूप दिले. तो १०२८ मध्ये निवर्तला. शतकानुशतके हा ग्रीक ग्रंथ दमास्कसच्या संत योहानाच्या नावावर खपत होता. परंतु विसाव्या शतकात जॉर्जियन हस्तलिखिते प्रकाशात आली आणि अलीकडे ग्रीक ग्रंथाची चिकित्सक आवृत्ती निघाली, तेव्हा त्याचे श्रेय एवथिमियसकडे आले. १०४८ मध्ये कॉन्स्टँटिनोपल येथे त्याचे लॅटिन भाषांतर झाले आणि पश्चिम युरोपचे दार उघडले. तेराव्या शतकात बार्सिलोना येथे इब्न हस्दाय या ज्यू पंडिताने अरबीवरून तिला हिब्रू रूप दिले. १५९१ मध्ये जेझुइट धर्मप्रचारकांनी जपानात जपानी भाषेतील संतचरित्रे छापली, त्यांतही जोसाफाताची कथा होती. ज्या देशात बुद्धाची मंदिरे गावोगावी होती, तेथे बुद्धाचेच चरित्र नव्या धर्माचा संदेश म्हणून पोहोचले. आणि ते नेणाऱ्यांना त्याची कल्पनाही नव्हती.

कथेबरोबर तिच्यातील दृष्टान्तांनीही असाच प्रवास केला. बार्लाम राजपुत्राला सांगतो : एक मनुष्य एकशिंगी पशूच्या भयाने पळत असता खोल खड्ड्यात पडला. पडता पडता त्याने एक झाड धरले. खाली पाहतो तो तोंड वासून अजगर बसलेला. पायांशी चार सर्प. आणि एक पांढरा व एक काळा असे दोन उंदीर त्या झाडाचे मूळ कुरतडीत आहेत. इतक्यात फांदीवरून मधाचे थेंब गळू लागले आणि तो मनुष्य सारे भय विसरून मध चाटू लागला. पांढरा आणि काळा उंदीर म्हणजे दिवस आणि रात्र, आणि मध म्हणजे विषयसुख. महाभारताच्या स्त्रीपर्वात शोकाकुल धृतराष्ट्राला विदुराने सांगितलेला दृष्टान्त याच कुळातला आहे. तेथे एकशिंग्याच्या जागी सहा मुखांचा आणि बारा पायांचा हत्ती आहे; सहा ऋतू आणि बारा महिने यांचे ते संवत्सररूप. जैन ग्रंथांत हाच दृष्टान्त मधुबिंदूचा म्हणून प्रसिद्ध आहे. इटलीतील पार्मा नगराच्या बाप्तिस्मागृहाच्या एका दारावर शिल्पकार आंतेलामी याच्या परंपरेतील शिल्पात तो झाडावरील मनुष्य आजही दिसतो. आणि १८८२ मध्ये बाहेर आलेल्या आपल्या आत्मकथनात तोल्स्तोय याने जीवनाची निरर्थकता वर्णन करताना हीच पौर्वात्य कथा आधाराला घेतली. आसन्नमरण कौरवकुळाच्या पित्याला सांगितलेली गोष्ट रशियातील एका उमरावाच्या काळजाला जाऊन भिडली, ती अशी.

या साऱ्यावरून कोणी असा निष्कर्ष काढील, की युरोपने हिंदुस्थानची कथा चोरली, किंवा ख्रिस्ती मंदिरांत नकळत का होईना बुद्धाचीच पूजा झाली. दोन्ही विधाने उतावीळ आहेत. चोरी म्हणावी तर येथे चोर कोणीच नाही. प्रत्येक टप्प्यावर सांगणाऱ्याला ही कथा आपलीच वाटली. आणि पूजेविषयी म्हणावे, तर प्रवासात कथेचा सांगाडा टिकला, उत्तर मात्र बदलले. सिद्धार्थाला स्वतःच्या प्रयत्नाने बोधिवृक्षाखाली मार्ग सापडला. तृष्णेचा क्षय हे त्याचे उत्तर. जोसाफाताला गुरूकडून ईश्वराचा संदेश मिळाला. ख्रिस्तावरील श्रद्धा हे त्याचे उत्तर. सिद्धार्थ बुद्ध होऊन लोकांत परतला आणि पंचेचाळीस वर्षे उपदेश करीत हिंडला. जोसाफात अरण्यात गेला आणि तेथेच राहिला. प्रश्न एक, उत्तरे भिन्न. टिकून राहिला तो प्रश्न : रोग, जरा आणि मृत्यू अटळ आहेत, हे कळल्यानंतर माणसाने जगावे कसे?

मूळ कथेच्या बाबतीतही एक गोष्ट विसरून चालणार नाही. गोव्यातील साखवाळ येथे १८७६ मध्ये जन्मलेले धर्मानंद कोसंबी हे पाली वाङ्मयाचे थोर अभ्यासक. ‘भगवान बुद्ध’ या आपल्या मराठी ग्रंथात त्यांनी दाखवून दिले, की रोगी, वृद्ध, प्रेत आणि संन्यासी यांच्या दर्शनाची कथा ‘महापदानसुत्ता’त विपस्सी या पूर्वीच्या बुद्धाविषयी सांगितलेली असून ती नंतर गोतमाच्या चरित्रात आली. प्राचीन सुत्तांत गोतमाच्या गृहत्यागाचे जे वर्णन आहे, ते अगदी साधे आहे : ऐन तारुण्यात, आईबाप रडत असता, त्याने घर सोडले. म्हणजे जी आख्यायिका सिद्धार्थाकडून जोसाफाताकडे गेली, ती सिद्धार्थाकडेही दुसऱ्याकडूनच आली होती. बुद्धाविषयीच्या आदराने कोसंबींची लेखणी अडली नाही आणि त्यांच्या चिकित्सेने तो आदर उणावलाही नाही.

ख्रिस्ती जगातही अशी चिकित्सा बाहेरच्यांनीच केली असे नाही. १६४३ मध्ये जाँ बोलाँ या जेझुइट पंडिताने अँटवर्प येथे संतचरित्रांच्या मूळ साधनांची छाननी करणारा प्रचंड ग्रंथ प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. जोसाफाताचा म्हणविला जाणारा अवशेष ज्या नगरीत पोहोचला, तीच ही नगरी. बोलाँच्या नावाने ओळखले जाणारे अभ्यासक-मंडळ आजही कार्यरत आहे. त्या मंडळातील इपोलित दलए याने १९०५ मध्ये संतांच्या आख्यायिकांवर लिहिलेल्या पुस्तकात असे प्रतिपादिले, की संत वेगळा आणि त्याची आख्यायिका वेगळी. आख्यायिका विश्वसनीय नाही म्हणून संत झालाच नाही असे ठरत नाही, आणि आख्यायिका सुंदर आहे म्हणून संत होऊन गेलाच असेही ठरत नाही. असिसीचा फ्रान्सिस १२२६ मध्ये निवर्तला, १२२८ मध्ये त्याला संतपद मिळाले आणि लागलीच त्याचे समकालीन चरित्र सिद्ध झाले. त्याच्या अस्तित्वाविषयी शंका घेण्यास जागाच नाही. जोसाफाताच्या बाबतीत मात्र आख्यायिका काढून घेतल्यास मागे कोणीही उरत नाही. रोमच्या आजच्या सुधारित संत-पंजिकेत ही दोन नावे आढळत नाहीत.

तर मग ही कथा टाकाऊ ठरते काय? याचे उत्तर कथेच्याच पोटात दडलेले निघाले. राजाने भरविलेल्या वादसभेत नाखोर नावाचा एक मनुष्य बार्लामचे सोंग घेऊन उभा राहतो. त्याने मुद्दाम हार खावी असा बेत असतो. परंतु बोलू लागताच तो ख्रिस्ती धर्माचे इतके समर्थ मंडन करतो, की राजपक्षाचेच तोंड बंद होते. हे भाषण म्हणजे कथाकाराची कल्पना, असेच सर्व समजत होते. दुसऱ्या शतकात अथेन्स येथील आरिस्तिदीस या तत्त्वज्ञाने रोमन सम्राटाला सादर केलेले ख्रिस्ती धर्माचे समर्थन नष्ट झाले, अशीच विद्वानांची समजूत होती. १८८९ मध्ये सिनाय पर्वतावरील मठात त्याचे सिरियाक भाषांतर सापडले. आणि ते वाचताच आर्मिटेज रॉबिन्सन या इंग्रज पंडिताच्या ध्यानात आले, की नाखोराचे भाषण म्हणजे आरिस्तिदीसचेच लेखन होय. इतिहासाने हरविलेला कागद आख्यायिकेने आठशे-नऊशे वर्षे सांभाळून ठेवला होता, आणि तोही सोंग घेतलेल्या माणसाच्या मुखी!

बार्लामच्या दृष्टान्तांपैकी एक पेट्यांचा आहे. राजाने चार पेट्या करविल्या. दोन सोन्याने मढविलेल्या, आत कुजलेली हाडे. दोन डांबर फासलेल्या, आत रत्ने. दरबाऱ्यांनी सोन्याच्या पेट्या मोलाच्या ठरविल्या. शेक्सपियरच्या ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’ नाटकातील पेट्यांचा प्रसंग याच परंपरेतून आलेला आहे. संतांच्या आख्यायिका वाचताना हा दृष्टान्त उपयोगी पडण्याजोगा आहे. जो केवळ चमत्काराच्या मुलाम्यावर भाळतो, त्याच्या हाती अँटवर्पच्या अवशेषासारखे हाडच येते. जो डांबर पाहून पेटी फेकून देतो, तो रत्नाला मुकतो. पेटी उघडून, आत काय आहे ते निरखून, त्याचे मोल ठरविणे हाच खरा मार्ग.

कान्हेरीच्या त्या वृद्धाने सांगितलेली गोष्ट इतिहास म्हणून चुकीची होती. ती लेणी कोण्या राजपुत्राला कोंडून ठेवण्यासाठी कोरली गेली नाहीत. घर सोडून निघालेल्या भिक्षूंना पावसाळ्यात निवारा मिळावा, ध्यान-अध्ययन करता यावे, म्हणून व्यापाऱ्यांनी आणि गृहस्थांनी दिलेल्या दानांतून ती शतकानुशतके घडत गेली. परंतु त्या गुंफांचा एका अशा राजपुत्राशी संबंध आहे, की ज्याला सुखाच्या चार भिंतींत ठेवूनही जगाचे दुःख त्याच्यापासून लपविता आले नाही, एवढे त्या वृद्धाने अचूक सांगितले होते. राजपुत्राचे नाव मात्र अर्धे जग फिरून परत आले होते, आणि घरच्यांनीच त्याला ओळखले नाही.